कमरेची दोरी आणि हप्त्याची तारीख

म्हसवड सातारा जिल्ह्यात आणि महाबळेश्वरही साताऱ्यातच. तिकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इकडे म्हसवडच्या माण तालुक्यात बरं वर्ष असलं तर पाचशेच्या आसपास. त्यामुळे माणदेशातला घोर वेळापत्रक लावल्यासारखा येतो. जूनमध्ये ढगांचा, पेरणीनंतर बियाण्याच्या उधारीचा, दिवाळी झाली की गावात कोण राहणार आणि ऊसतोडीला कोण जाणार याचा, मार्चअखेर सोसायटीच्या कर्जाचा, एप्रिल-मेमध्ये टँकरचा. मधल्या फटीत लग्नं, दवाखाना, मुंबईतल्या पोराची नोकरी. असा घोर वर्षानुवर्षं मुक्कामाला राहिला की तो अंगावर दिसायला लागतो. कुणाचं पोट पुढे येतं, कुणाची गालफडं बसतात. पहिलीला लोक म्हणतात, बसून खाते. दुसरीला म्हणतात, हिला काहीतरी लागलंय.

जेवणात फारसा बदल नसताना ज्यांचं वजन सरकलं आहे, त्यांच्यासाठी ही कृती आहे. आठ आठवडे लागतात. सामान थोडंच: चाळीस पानी वही, पेन, सुताची दोरी आणि एक वजनकाटा. काटा घरात नसला तरी चालतो. मेडिकल दुकानातला, दवाखान्यातला, अगदी किराणावाल्याचा धान्याचा काटाही चालेल, फक्त दर वेळी तोच हवा.

पायरी १ : आधी डॉक्टर, मग ताण

‘टेन्शननं झालंय’ हे कारण सगळ्यात शेवटी मान्य करायचं असतं. न ठरवता सहा महिने ते वर्षभरात वजनाचा विसावा भाग गेला, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो उतरले, तर रक्तातली साखर तपासा. खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम असला तर थुंकीही तपासा. टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. वजन वाढलं असेल आणि सोबत थंडी सोसवत नसेल, पाळी बिघडली असेल, आवाज जड झाला असेल, तर थायरॉइड बघा.

आणखी एक गोष्ट स्वतःहून डॉक्टरांना सांगा, कारण ती विचारली जातेच असं नाही. गुडघ्यासाठी, कंबरेसाठी, दम्यासाठी कुणाकडून कागदाच्या पुडीतल्या गोळ्या घेताय का? ‘एका दिवसात गुण’ देणाऱ्या अशा पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड म्हणजे कॉर्टिसॉलचा सख्खा भाऊ, आणि कॉर्टिसॉल म्हणजे ताणात आपलं शरीर स्वतःच तयार करतं ते संप्रेरक. महिनोन्महिने पुडी घेणाऱ्याचा चेहरा गोल होतो, पोट सुटतं आणि हातपाय काटकुळे होतात. कॉर्टिसॉल अति झालं की शरीर नेमकं असंच बदलतं; अशा रोग्यांचं वर्णन हार्वी कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदानं १९३२ साली सविस्तर लिहून ठेवलं. पुडी चालू असेल तर ती एकदम बंद करू नका. शरीरानं स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवलेलं असतं, त्यामुळे अचानक तोडणं धोक्याचं. डोस डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू उतरवावा लागतो.

रोजच्या ताणातलं कॉर्टिसॉल इतकं वर जात नाही. पण काम तेच करतं, फक्त दमानं: यकृताला साखर सोडायला लावतं, स्नायू झिजवतं, गोड-तेलकटाची ओढ लावतं आणि चरबी ढकलतं ती पोटाच्या आत, आतड्यांभोवती.

पायरी २ : दोरीनं माप घ्या

नुसतं वजन इथे फसवतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन तंतोतंत सारखं, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडची माणसं बारीक दिसत असताना आतून बऱ्याचदा चरबीदार असतात. त्यात ताणाची भर पडली की काटा हलत नाही आणि कमर हलते.

म्हणून दोरी. भिंतीला पाठ लावून उभे राहा, टाच ते डोकं एवढी दोरी कुणाकडून तरी कापून घ्या. ती बरोबर मध्ये दुमडा. ही दुमडलेली दोरी कमरेभोवती सहज फिरून टोकाला टोक भिडलं पाहिजे. नाही भिडलं, तर कमर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त आहे. आकडे वाचता येत नसले तरी हे माप कुणालाही कळतं. टेप असेल तर भारतीयांसाठी खूण अशी: बाईची कमर ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषाची ९०च्या आत.

कमर म्हणजे कुठे? परकराची नाडी बांधतो तिथे नाही, आणि विजारीचा पट्टा पोटाखाली जातो तिथेही नाही. बोटांनी चाचपून शेवटची बरगडी शोधा, मग बाजूचं खुब्याचं हाड शोधा, आणि दोन्हींच्या मधोमध दोरी धरा. सकाळी, काही खायच्या आधी, शौचाला जाऊन आल्यावर. साधा श्वास सोडा. पोट आत ओढायचं नाही, आणि बाजूला नणंद उभी असली तरीही नाही. दोरी कमी पडली तर राहिलेली फट बोटांनी मोजून वहीत लिहा.

कमर दोन आठवड्यांतून एकदा, वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. रोज काट्यावर चढू नका. पाणी, मीठ, पाळी यांनी किलो-दीड किलो असंच वरखाली होतं आणि नवा घोर लागतो. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ असतो, त्या आठवड्यातलं माप तर धरूच नका. घरात पाहुणे, चुलीवर मोठी पातेली, झोपेचा पत्ता नाही. त्या मापावरून काय ठरवणार?

पायरी ३ : चार आठवडे नुसतं लिहा

या चार आठवड्यांत काहीही सुधारायचं नाही. हीच पायरी लोकांना सगळ्यात जड जाते, कारण दोरी कमी पडली की दुसऱ्या दिवसापासून भाकरी अर्धी होते. तसं करू नका. आधी काय चाललंय ते दिसू द्या.

रोज रात्री पाच गोष्टी: किती वाजता झोपले आणि उठले, पहिला घास किती वाजता, चहा किती आणि साखर किती, रात्री काय आणि किती वाजता खाल्लं, आणि दिवसाचा घोर. घोर ठिपक्यांनी मोजा. शून्य ठिपके म्हणजे बरा दिवस, पाच म्हणजे जीव नकोसा. शेवटी एका शब्दात कारण. शाळेतली पोरं घरात असतील तर त्यांच्याकडून लिहून घेतलं तरी चालतं, फक्त कारणाचा शब्द आपला आपण लिहावा, नाहीतर खूण करावी.

नमुन्याला एक पान धरू. स्टँडजवळ भाजी विकणारी कुणी बाई आहे असं समजा. तिचं मंगळवारचं पान असं दिसेल:

झोप ११ ते ४. पहिला घास दुपारी १ (भाकरी, ठेचा). चहा ६, साखर दोन-दोन चमचे. चार वाजता पाच रुपयांचा बिस्किटपुडा. रात्री साडेनऊ, भाकरी तीन, आमटी, उरलेला भात. घोर ••••. गट.

‘गट’ म्हणजे हप्ता गोळा करणारा त्या दिवशी येणार होता.

पुरुषांनी दारू लपवू नये, तीही लिहावी. एका क्वार्टरमध्ये साधारण चारशे कॅलरी असतात, सोबतचं फरसाण वेगळं. बायकांनी मिश्री लिहावी. मिश्री लावली की भूक मरते, हे खरं आहे. निकोटिनचं ते कामच आहे. वजन उतरत असेल तर तिथूनही बघावं लागेल.

पायरी ४ : वही वाचा

चार आठवडे झाले की वही समोर घेऊन बसा. चार-पाच ठिपक्यांच्या दिवसांभोवती पेनानं गोल करा आणि त्या दिवसाच्या पुढचं-मागचं बघा. साधारण तीन तऱ्हा दिसतात.

पहिली, वरच्या पानासारखी. दिवसभर चहावर काढायचं आणि रात्री सगळं जेवण. सहा कप, दोन-दोन चमचे, म्हणजे ६० ग्रॅम साखर, २४० कॅलरी. महिन्याला सात हजारांच्या वर. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठतात. शरीर असं कागदावरच्या हिशेबानं चालत नाही, तरी ‘मी काही खातच नाही’ म्हणणाऱ्या बाईचं वजन कुठून येतं ते यातून कळतं. ती खोटं बोलत नसते. तिनं खाल्लं नाही, प्यायलं.

दुसरी तऱ्हा झोपेची. घोराच्या रात्री झोप तुटते आणि दुसऱ्या दिवशी खाणं वाढतं. शिकागोत २००४ साली बारा धडधाकट तरुणांवर प्रयोग झाला होता. दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिल्यावर पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं आणि भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. नळाला पाणी पहाटे येतं म्हणून तीनला उठणाऱ्या बाईला हा प्रयोग समजावून सांगावा लागत नाही.

तिसरी उलटी. घोर आला की घास उतरत नाही, मळमळतं, पोट बिघडतं, आणि वजन घसरतं. ताणानं वजन वाढतंच असं नाही. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या दहा हजारांवर कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून चालू असलेला ‘व्हाइटहॉल-२’ अभ्यास आहे. त्यातल्या पुरुषांमध्ये असं दिसलं की कामाचा ताण असताना जे मुळात बारीक होते ते आणखी बारीक झाले आणि जे जाड होते ते आणखी जाड. एकाच घरात एकाच कर्जानं नवरा वाळतो आणि बायको सुटते, तेव्हा दोघांपैकी कुणी ढोंग करत नसतं.

गोल केलेल्या दिवसांत काहीच जुळत नसेल, तर ताण हे तुमच्या वजनाचं मुख्य कारण नसावं. पायरी १ कडे परत जा.

पायरी ५ : घास सकाळी सरकवा

पाचव्या आठवड्यापासून बदल सुरू, लिहिणंही चालूच. एका वेळी एकच, आठवड्याला एक.

पहिला बदल सगळ्यांना सारखा, जाड्यांना आणि बारीकांनाही: घराबाहेर पडायच्या आधी भाकरी. आदल्या रात्रीची शिळी भाकरी आणि दही, नाहीतर बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, कांदा. शेंगदाण्याची चटणी असलीच पाहिजे, कारण प्रथिनं पोटात असली की अकराचा चहा-बिस्किट मागं पडतो. कॉर्टिसॉल मुळात पहाटे चढतं आणि मध्यरात्रीकडे उतरतं. रिकाम्या पोटी दोन कप चहा ढोसून, काळजी डोक्यात घेऊन, दुपारी एकपर्यंत उभं राहायचं म्हणजे चढलेल्याला उतरायची संधीच न देणं. घरातल्या सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर स्वतःला वेळ उरत नाही, हे मान्य. मग आपला डबा पहिला भरा. सासूबाई काय म्हणतील, याचंही उत्तर वहीत आहे. दाखवा त्यांना.

दुसरा बदल, साखर. सहा कपांचे तीन करू नका. ते टिकत नाही, कारण चहाबरोबर दोन शब्द बोलणं होतं आणि तेवढाच विसावा असतो. दोन चमच्यांचा एक करा. गुळाचा चहा म्हणजे औषध, असं हल्ली जे चाललंय ते सोडून द्या. गूळही साखरच आहे.

तिसरा, रात्रीची भाकरी एकनं कमी, पण सकाळचा घास जमला असेल तरच. हा क्रम उलटा केला की फसतं. भुकेलं पोट रात्री झोपू देत नाही आणि साडेअकराला फरसाणाचा डबा उघडतो. ज्यांचं वजन उतरतंय त्यांनी दुसरा आणि तिसरा बदल करायचा नाही. त्यांनी दुपारी चारला मूठभर शेंगदाणे-गूळ, रात्री दूध, आणि घास उतरत नसेल तेव्हा पातळ काहीतरी, आंबील, ताक-भात. भूक लागायची वाट बघू नये. घड्याळ बघून खावं.

झोपेबद्दल एवढंच सांगता येतं: पाण्यासाठी पहाटे उठणं टळत नसेल तर रात्रीची मालिका टळू शकते. आणि मोबाईल उशाशी नको. हप्त्याचा मेसेज रात्री अकराला वाचून काय होतं?

पायरी ६ : हप्त्याची तारीख हलवा

आता खरी पायरी. पोट कमी करायच्या पुस्तकांत ती सापडत नाही. तिथे ताणावर उपाय म्हणून दीर्घ श्वास असतो. श्वास घ्या, वाईट काही नाही. पण म्हसवडच्या वहीत कारणाच्या रकान्यात ‘गट’, ‘चारा’, ‘टँकर’, ‘फी’ असले शब्द येतात, आणि चाऱ्याचा घोर चारा आला तरच जातो. २०१२च्या दुष्काळात माणदेशी फाउंडेशननं म्हसवडला छावणी उघडली तेव्हा हजारो जनावरं आली, त्यांच्यामागून माणसंही तिथेच मुक्कामाला आली. दावणीला वैरण पडली आणि बाई रात्री पाठ टेकू शकली.

पैशाच्या घोराचंही तसंच. रस्त्याकडेला राहून लोखंडकाम करणाऱ्या कांताबाईंना पावसाळ्याआधी ताडपत्रीसाठी पैसे साठवायचे होते आणि एवढ्या छोट्या रकमेचं खातं कुठलीच बँक उघडेना, ही गोष्ट माणदेशी फाउंडेशनच्या संस्थापक चेतना गाला-सिन्हा यांनी जगभर सांगितली आहे. त्यातूनच बायकांच्या बँकेचा विचार निघाला. सभासद अक्षरओळख नसलेल्या म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत पाठवला, तर त्या बायका पुन्हा गेल्या: आम्हाला व्याज काढायला सांगा, तोंडी काढून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक म्हसवडमध्ये सुरू झाली. त्या बायकांसारखाच रोखठोक हिशेब करायला आता वहीचं मागचं पान उघडा.

तिथे सगळी देणी उतरवा. बँक, सोसायटी, बचत गट, मायक्रोफायनान्स, सराफाकडचं गहाण, भावकीतली उसनवारी, दुकानाची उधारी. प्रत्येकापुढे हप्ता आणि वार. मग घरात महिन्याला खरोखर किती येतं ते लिहा, आशेचे पैसे धरू नका. समजा १४,००० येतात आणि नुसत्या कर्जांचे हप्ते ७,९०० जातात. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला मायक्रोफायनान्सचं कर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. १४,०००चं निम्मं ७,०००. म्हणजे नवं कर्ज द्यायला कुणी दारात आलं तर ते मुळात नियमाबाहेर आहे, तुमच्या इज्जतीचा प्रश्नच नाही. त्याच नियमांत असंही आहे की वसुलीचा माणूस सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करू शकत नाही. रात्री आठला दारात उभं राहून आवाज चढवणं तर दूरच राहिलं.

मग ठिपक्यांचे दिवस आणि हप्त्याचे वार शेजारी ठेवा. सोमवारी एक, मंगळवारी एक, गुरुवारी एक असे पसरले असतील तर आठवडाभर कुणी ना कुणी यायचंच असतं, कॉर्टिसॉल उतरणार कधी? आठवडे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी हातात रोकड असते. हप्ता तिकडे सरकवून मागा. मुदत वाढवून हप्ता लहान करून मागा, व्याज किती वाढेल ते आधी विचारून. जुनं फेडायला नवं उचलू नका. सगळं हलणार नाही. एक हलला तरी वहीत दिसेल.

ही पायरी एकट्यानं करायची नाही. नवऱ्याला माहीत नसलेलं कर्ज आणि बायकोला माहीत नसलेलं कर्ज, या दोन्हींइतके ठिपके दुसऱ्या कशानंच पडत नाहीत. रात्री जेवण झाल्यावर वही मध्ये ठेवून दोघांनी बसावं. भांडण होईल. होऊ दे.

पायरी ७ : चालणं

धावपटू ललिता बाबर माण तालुक्यातल्याच मोहीची आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली, म्हणून सगळ्यांनी पहाटे पळत सुटायचं कारण नाही. शेतात दिवसभर वाकणाऱ्या बाईला व्यायाम सांगणं म्हणजे थट्टा आहे. दुकानात, मशीनवर, कचेरीत बसणाऱ्यांनी मात्र संध्याकाळी अर्धा तास चालावं, शक्यतो कुणाबरोबर तरी. बोलत बोलत.

पायरी ८ : पुन्हा दोरी

आठवा आठवडा संपला की त्याच जागी, त्याच वेळी माप घ्या. फट एक बोटानं जरी कमी झाली असेल तरी कृती लागू पडली असं धरा. वजन तेवढंच असलं तरी धरा. चार-पाच ठिपक्यांचे दिवस कमी झालेत का, ते मोजा. कमर तशीच पण ठिपके घटले असतील तर आणखी आठ आठवडे चालू ठेवा, शरीर मागून येतं.

ठिपके वाढतच असतील, दोन आठवडे सलग झोप नाही, कशात मन नाही, घास जात नाही, ‘माझ्यामागं काय होईल’ असले विचार येत असतील, तर वही मिटा आणि १४४१६ वर फोन लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासूनची, फोनचे पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. शेजारी-पाजारी कुणाच्या बाबतीत असं वाटलं तर त्याच्या शेजारी बसून तुम्हीच लावून द्या.

पुढची फेरी दिवाळीनंतर सुरू करावी, रथ होऊन गेला की. घरातली माणसं ऊसतोडीला गेली असतील तर वहीची पानं दोन ठिकाणी लिहावी लागतील. फडावरचं पान छोटं चालेल: झोप, पहिला घास, ठिपके. ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेल्या उचलीची रक्कम आणि ती फिटायची तारीख पहिल्याच पानावर लिहून पाठवावी.